मुक्या सोबत्याची अखेरची शुश्रूषा



घरांतील म्हातारा मनुष्य अंथरुणाला खिळला म्हणजे वैद्याला घरीं बोलवावें, हें आपणांस कोणी सांगावें लागत नाहीं. परंतु बारा-चौदा वर्षें अंगण राखणारें कुत्रें तसेंच खिळलें, तर काय करावें हें पुष्कळांना सुचत नाहीं. कोणी त्याला गोठ्याच्या कोपऱ्यांत पडूं देतात, कोणी पोत्यांत घालून नदीपलीकडे सोडून येतात, आणि कोणी दयेच्या भरांत भाकरींतून विष घालतात. या तिन्ही वाटांहून निराळी अशी एक चौथी वाट आहे. पशुवैद्याच्या देखरेखीखालीं घरींच करावयाची शुश्रूषा ही ती वाट होय. ती कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

हें भाषण मुख्यतः वैनगंगेकांठच्या वडसा-देसाईगंज भागांतील श्रोत्यांसाठीं आहे. वडशाला रेल्वे आहे, बाजार आहे, झाडीपट्टीच्या नाटकमंडळ्यांचीं कार्यालयें आहेत. पण कुरखेडा-कोरचीकडील जंगलांतल्या गांवाहून मरणपंथास लागलेलें जनावर येथवर आणणें ही त्याला शिक्षाच असते. उन्हाळ्यांत पारा पंचेचाळीस अंशांच्या वर चढतो, आणि कुत्र्याला माणसासारखा सर्वांगाला घाम येत नाहीं. तें धापा टाकूनच अंग थंड ठेवतें. हृदय किंवा फुप्फुसें थकलेल्या कुत्र्याचा अशा प्रवासांत वाटेंतच अंत होऊं शकतो. म्हणून पशुवैद्यानें घरीं येणें ही अशा वेळीं चैन नसून उपचाराचाच भाग होय.

गुरांसाठीं १९६२ या क्रमांकावर फोन केला असतां शासनाचें फिरतें पशुवैद्यकीय पथक दारीं येण्याची योजना आहे. साधारणतः एक लाख पशुधनामागें एक गाडी असें प्रमाण ठरविलेलें असून गाडींत पशुवैद्य, साहाय्यक व चालक असे तिघे असतात. कुत्र्या-मांजरासाठीं त्या क्रमांकावर प्रथम विचारणा करावी, किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत जाऊन भेटीची वेळ ठरवावी.

पशुवैद्य येऊन गेल्यावर खरी सेवा घरच्या माणसांनाच करावयाची असते. जनावर गोणपाटाच्या जाड अंथरुणावर सावलींत ठेवावें. त्याला उठतां येत नसेल तर तीन-चार तासांनीं कूस बदलावी, नाहीं तर हाडांवरच्या कातडीला क्षतें पडतात. लघवीनें भिजलेली जागा कोरडी करावी, कारण ओल्या केसांत माशा अंडीं घालतात व जखमेंत किडे होतात. जनावर मान उचलून गिळत असेल तरच पाणी थोडथोडें द्यावें. आडव्या पडलेल्याच्या घशांत ओतलेलें पाणी फुप्फुसांत उतरूं शकतें. आपल्या दुखण्याच्या गोळ्या त्याला कधींही देऊं नयेत. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊं शकते, आणि आयबुप्रोफेननें कुत्र्याच्या जठराला क्षतें पडून मूत्रपिंडें बिघडतात.

येथें एक धोका सांगितला पाहिजे. आवाज बदललेला, जबडा लोंबलेला, लाळ गळत असलेली, असें कुत्रें दिसलें म्हणजे घशांत हाडूक अडकलें असावें असें समजून लोक त्याच्या तोंडांत हात घालतात. हा मुक्या स्वरूपाचा पिसाळरोग असूं शकतो. अशा कुत्र्याला हात न लावतां बंदिस्त जागेंत ठेवावें व पशुवैद्याला कळवावें. चावा झाला असेल, किंवा जखमेला लाळ लागली असेल, तर ती जागा साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवून त्याच दिवशीं लशीसाठीं दवाखाना गांठावा.

आतां सर्वांत कठीण प्रश्न. किती दिवस जगवावें, आणि कधीं पुरें म्हणावें? घरांत आई म्हणते, अजून दोन दिवस पाहूं. मुलगा म्हणतो, हे हाल पाहवत नाहींत. दोघांचेंही प्रेम खरें असतें. अमेरिकेंतील पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांनीं २००४ सालीं अशा घरांसाठीं सात गोष्टींची कसोटी सुचविली : वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षां चांगले दिवस अधिक आहेत कीं नाहीं. प्रत्येकीला शून्य ते दहा गुण द्यावयाचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर शुश्रूषा चालू ठेवण्यास आधार आहे असें समजावें. निर्णय आंकड्यांनीं होत नाहीं. पण आपण जनावराचें दुःख मोजतों आहों कीं आपलें, हें या कसोटीनें कळूं लागतें.

अंत करावयाचा ठरला, तर तो पशुवैद्याच्याच हातून व्हावा. प्रथम शामक औषध देऊन जनावराला गाढ झोप आणतात, आणि मग बार्बिट्युरेट वर्गांतील भूल देणारें औषध अधिक मात्रेंत शिरेंत सोडतात. शुद्ध आधीं हरपते, श्वास व हृदय नंतर थांबतें. डोळे उघडेच राहतात, एखादा आचका येतो, लघवी होते. यावरून जनावराला यातना झाल्या असें समजूं नये. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानें जनावर उपाशी-तहानेलें मरेल अशा रीतीनें सोडून देणें, तसेंच त्याला निष्कारण क्रूर रीतीनें मारणें, हे दोन्ही गुन्हे ठरविले आहेत. गाय-बैलांना १९७६ चा महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम व त्याची २०१५ सालीं अमलांत आलेली दुरुस्ती लागू आहे. म्हणून त्यांच्या बाबतींत शासकीय पशुवैद्यकीय अधिकाऱ्याच्या सल्ल्यावांचून कांहींएक करूं नये.

प्राण गेला म्हणजे कर्तव्य संपलें असें मात्र नाहीं. आपल्या भागांत मेलेलें जनावर उघड्यावर टाकण्याची जुनी रीत आहे, आणि गिधाडें तें स्वच्छ करीत असत. पुढें गिधाडेंच दिसेनाशीं झालीं. २००४ सालीं कारण उघडकीस आलें : डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक टोचलेलें गुरूं लवकरच मेलें, तर त्याचें मांस खाणाऱ्या गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होत. भारतांत २००६ सालीं गुरांसाठीं त्यावर बंदी आली. २०२३ सालीं किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांवरही आली. गडचिरोलीच्या वनविभागानें गिधाडांसाठीं उपाहारगृहें उभारलीं, तीं याच पक्ष्यांना निर्धोक अन्न मिळावें म्हणून. अखेरच्या दिवसांत बैलाची वेदना शमविणें हा धर्मच आहे. पण त्यासाठीं पशुवैद्याला सांगून गिधाडांना निर्धोक ठरलेलें मेलॉक्सिकॅम मागावें, आणि माणसांसाठीं विकलें जाणारें डायक्लोफेनॅक आणून टोचूं नये.

भूल देऊन अंत केलेल्या जनावराचें कलेवर तर कधींच उघडें टाकूं नये. औषध मांसांत राहतें, आणि गिधाड, कोल्हा किंवा शेजारचें कुत्रें तें खाऊन मरतें. चार-पांच फूट खोल खड्डा घ्यावा. तो विहिरीपासून व नाल्यापासून दूर, उंचवट्यावर असावा. धानाच्या बांधींत किंवा नदीकांठच्या सखल जमिनींत पुरलेलें पावसाळ्यांत वर येतें.

घरांतील मुलांना खरें काय तें सांगावें. ‘तो झोपला’ असें म्हटलें तर लहान मूल झोपेलाच भिऊं लागतें. त्यांना खड्ड्यावर माती लोटूं द्यावी, रडूं द्यावें. आणि ज्यांच्या घरीं असें म्हातारें जनावर आज आहे, त्यांनीं पशुवैद्याची पहिली भेट दुखणें बळावण्यापूर्वींच घ्यावी, व पावसानें वाटा बंद होण्याच्या आधींच जागा पाहून ठेवावी.