नवजात सस्तन प्राण्यांचे तापरक्षण

सस्तन प्राण्यांची नवजात पिले परस्परांना बिलगून व घोळका करून शरीराची ऊब टिकवितात. हे वर्तन आणि त्यास पूरक असलेल्या शारीरिक क्रिया यांचा समावेश तापरक्षणात होतो. सस्तन प्राणी नियततापी आहेत, म्हणजे भोवतालचे तापमान बदलले, तरी प्रौढ प्राण्याच्या शरीराचे तापमान जवळजवळ स्थिर राहते. जन्माच्या वेळी मात्र ही क्षमता अपुरी असते. उंदीर व ससा यांची पिले जन्मतः केसरहित व डोळे मिटलेली असतात. कुत्रा व मांजर यांच्या पिलांच्या अंगावर केस असले, तरी पहिले काही दिवस ती एकएकटी ऊब राखू शकत नाहीत.

भौतिक आधार : शरीरात उष्णता निर्माण होते ती ऊतकांच्या वस्तुमानानुसार, तर बाहेर जाते ती मुख्यतः पृष्ठभागावाटे. शरीर जितके लहान, तितके त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठफळ अधिक असते. त्यामुळे लहान पिलू लवकर गार पडते. सारख्या आकाराचे आठ घन सुटे ठेवले, तर त्यांच्या ४८ बाजू उघड्या राहतात. तेच घन जुळवून एक मोठा घन केल्यास त्याच्या बाह्यांगावर मूळ घनांच्या केवळ २४ बाजू उरतात. पिले बिलगतात तेव्हा याच तत्त्वानुसार हवेशी संपर्क असलेला पृष्ठभाग कमी होतो. वाचलेली ऊर्जा वाढीसाठी उपयोगी पडते.

घोळक्याचे कार्य : अमेरिकन शास्त्रज्ञ जेफ्री ऑल्बर्ट्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदराच्या पिलांचा घोळका थंडीत आवळला जातो व उष्णतेत सैलावतो, असे दिसून आले. घोळक्यातील पिलांना लागणारा ऑक्सिजनही एकट्या पिलाच्या मानाने कमी असतो. पिलांच्या जागा स्थिर नसतात. कडेचे गार पडलेले पिलू आत शिरते, तर आतील उबदार पिलू हळूहळू वर येते. अशा रीतीने कोणाच्याही आज्ञेवाचून ऊब सर्वांत वाटली जाते. सुरुवातीस पिले मुख्यतः उष्णता व स्पर्श यांच्या अनुरोधाने एकमेकांकडे सरकतात, सु. दोन आठवड्यांनंतर भावंडांच्या ओळखीच्या वासास महत्त्व येते. मादी सशाच्या बाबतीत घोळक्याचे महत्त्व विशेष आहे, कारण ती दिवसातून साधारणतः एकदाच व तेही काही मिनिटेच पाजावयास येते. उरलेला सर्व काळ पिले मातेने स्वतःच्या अंगावरील केस उपटून केलेल्या अस्तरात एकमेकांच्या उबेवर राहतात.

तपकिरी मेद : पुष्कळ नवजात प्राण्यांत, मानवी अर्भकातही, खांद्यांच्या मध्ये, मानेत व मूत्रपिंडांभोवती तपकिरी मेदाचा साठा असतो. त्यातील कलकणिकांमध्ये असलेल्या एका विशिष्ट प्रथिनामुळे इंधनातील ऊर्जा अन्य कार्यात न खर्च होता सरळ उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. त्यासाठी स्नायूंना थरथरावे लागत नाही. डुकरात या प्रथिनाची जनुक उत्क्रांतीच्या ओघात निकामी झाली आहे. त्यामुळे डुकराच्या पिलांना थरथरणे व एकमेकांवर रेलून पडणे यांवरच अवलंबून राहावे लागते. नवजात पिलास सु. ३४° से.पेक्षा कमी तापमानात जादा उष्णता निर्माण करावी लागते.

मराठवाड्यातील उदाहरणे : परभणी जिल्ह्यातील बोरी (ता. जिंतूर) व आसपासच्या भागात हिवाळ्यातील काही रात्री तापमान १०° से.च्या खाली उतरते. काळ्या जमिनीतील बिळांत राहणारे मऊ केसांचा शेतउंदीर (मिलार्डिया मेल्टाडा) व घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस) यांच्या पिलांना मातीचे आवरण व वाळलेल्या गवताचे अंथरूण यांची जोड मिळते. गोठ्यातील शेळीचे करडू जन्मतःच केसाळ असते व काही वेळात उभे राहते. परंतु अंग ओले असल्यामुळे बाष्पीभवनाने ते झपाट्याने गार पडते. या भागातील उस्मानाबादी जातीच्या शेळीस जुळी करडे होणे नेहमीचे आहे. करडांचे वजन सु. २ ते २·५ किग्रॅ. असते व त्यांतील दुबळे करडू अधिक धोक्यात असते. गारठलेले पिलू सुस्त होते, सुस्तीमुळे आचळाला तोंड लावत नाही, दूध न मिळाल्याने उष्णता निर्माण होत नाही व ते आणखी गारठते. हे चक्र मोडण्यासाठी करडाचे अंग त्वरित कोरडे करणे, पहिला चीक पाजणे आणि कोरड्या कडब्यावर वाऱ्याच्या आड करडांना एकत्र ठेवणे हे उपाय आहेत. करडे डालग्याखाली एकत्र झाकून ठेवण्याच्या जुन्या रीतीतही हाच लाभ साधतो; मात्र हवा खेळती राहिली पाहिजे.

मानवी अर्भक : मानवी अर्भक बहुधा एकटेच जन्मते, त्यामुळे भावंडांच्या घोळक्याची जागा मातेचे शरीर घेते. अर्भकाचे तापमान ३६·५° से.पेक्षा खाली गेल्यास तो अल्पताप मानला जातो. कमी वजनाच्या अर्भकास मातेच्या उघड्या छातीशी कातडीस कातडी लावून ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धत कोलंबियातील बोगोटा येथे एडगर रे सॅनाब्रिया यांनी १९७८ मध्ये सुरू केली. भारतासह पाच देशांत झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मानंतर लगेच ही पद्धत अवलंबिल्यास कमी वजनाच्या अर्भकांचे मृत्यू सु. २५ टक्क्यांनी घटतात, असे आढळले. महाराष्ट्रात गडचिरोली जिल्ह्यात अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ खेड्यांत प्रशिक्षित ग्रामीण स्त्रियांमार्फत घरच्या घरी नवजात अर्भकांची काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यात ऊब राखणे, स्तनपान व जंतुसंसर्गावरील उपचार यांचा समावेश होता. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेसाठी निवडलेल्या खेड्यांच्या मानाने तेथील नवजात मृत्युमान ६२ टक्क्यांनी घटले. ही घट या सर्व उपायांची एकत्रित होती; तथापि ऊब राखणे हा त्यांतील सर्वांत कमी खर्चाच्या व कोणत्याही घरात करता येण्याजोग्या उपायांपैकी एक होय.