पायाखालचा पत्रा

मे महिना सरत आला, की गोदामांच्या, कारखान्यांच्या आणि चाळींच्या छपरांवर माणसे दिसू लागतात. पावसाआधी गळके पत्रे बदलायचे असतात आणि दिवस थोडे उरलेले असतात.

छपरावरून पडणे म्हटले, की डोळ्यांपुढे छपराची कड येते. प्रत्यक्षात छपराच्या मधोमध उभा असलेला कामगारही खाली कोसळतो. कारण त्याच्या पायाखालचा पत्राच फुटतो. सिमेंटचा पत्रा दिसतो दगडासारखा. परंतु तो खालच्या आडव्या लोखंडी दांड्यांवर टेकलेला असतो आणि दोन दांड्यांमधील भागाला कोणताच आधार नसतो. उन्हापावसाने तो ठिसूळ होतो. शेवाळ किंवा रंग त्याच्या भेगा झाकतो. उजेडासाठी मधूनमधून बसवलेले प्लॅस्टिकचे पत्रे तर धुळीमुळे वेगळे ओळखूही येत नाहीत. जुना कामगार बोल्टांच्या रांगेवरूनच चालतो, कारण बोल्टाखाली दांडी असते. हे शहाणपण खरे, पण अपुरे आहे. हातात ओझे असताना तोल गेला, की पाऊल रांगेबाहेर पडते.

पाच मीटर उंचीवरून पडलेला माणूस साधारण एका सेकंदात जमिनीवर आदळतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे 36 किलोमीटर असतो. सावरण्यास अवधीच नसतो. म्हणून ‘जपून काम कर’ या मुकादमाच्या सूचनेपेक्षा दोन लांब फळ्यांचे मोल अधिक आहे. दांड्यांवर आडव्या टाकलेल्या एका फळीवर उभे राहून दुसरी पुढे सरकवता येते. शिवाय खाली जाळी बांधता येते.

सुरक्षापट्टाही हवाच, मात्र त्याची दोरी कोठे अडकवली, याला महत्त्व आहे. दोन मीटरची दोरी पायाशी अडकवली, तर ती ताणली जाईपर्यंत माणूस सुमारे साडेतीन मीटर खाली गेलेला असतो. चार मीटर उंचीच्या छपरावर अशी दोरी असून नसल्यासारखीच! ती खांद्याच्या उंचीवर किंवा त्याहून वर, भक्कम आधाराला अडकवावी लागते. लोंबकळणाऱ्या माणसाचे रक्त पायांत साचू लागते. त्याला काही मिनिटांतच खाली उतरवावे लागते. त्यामुळे छपरावर एकट्याने काम करणे धोक्याचे ठरते.

फळ्या कोणी आणायच्या, हा प्रश्न मात्र उरतोच. मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो, ठेकेदार कामगाराकडे. बांधकाम कामगारांसाठी 1996 साली झालेला केंद्रीय कायदा दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. 2020 च्या संहितेतही दहाचीच संख्या आहे. छपराच्या दुरुस्तीला बहुधा तीन-चार माणसेच चढतात.