सुरुवातीचं कामगार साहित्य म्हणजे नेमकं काय? व्याख्येतली गफलत

संशोधनाच्या आराखड्यात व्याख्येचं प्रकरण पहिलं असतं आणि बहुतेक जण ते सगळ्यात शेवटी, घाईघाईत उरकतात. मीही तेच केलं. विषय होता मराठीतलं सुरुवातीचं कामगार साहित्य. मी लिहून टाकलं, 'कामगारांनी कामगारांविषयी लिहिलेलं साहित्य'. गाईडनी समासात एवढंच विचारलं: मग 'धावता धोटा' कुठे टाकणार?

मामा वरेरकरांची ही १९३३ची कादंबरी गिरणी कामगारांवर आहे. पण वरेरकर गिरणीत नव्हते, पोस्टात होते. म्हणजे कादंबरी बाहेर! बरं, 'कामगारांनी' हा शब्द काढला तर अण्णाभाऊ साठे अडचणीत येतात. ते स्वतः गिरणीत राबलेले. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. पण त्यांची 'फकिरा' (१९५९) गिरणीवर नाहीच.

हे दुखणं फक्त आपलं नाही. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ला सुरू झाली आणि एस्टोनियातल्या नार्व्याची क्रेनहोल्म १८५७ला. नार्व्याच्या कामगारांवर एडुआर्ड विल्डेनं १८९८मध्ये 'लोखंडी हात' अशा अर्थाच्या नावाची कादंबरी लिहिली. तोही गिरणीतला नव्हे, पत्रकार. म्हणजे 'पहिलं' कोणतं हा वाद तिथेही लेखकाच्या हातावर घट्टे आहेत का, इथेच येऊन अडू शकतो.

मी मूळची वनस्पतिशास्त्राची. तिथे ज्या नमुन्यावर प्रजातीचं नाव ठरतं, तो नमुना सरासरी किंवा आदर्श असावा अशी अट नसते, तो फक्त नावाची खुंटी असतो. साहित्यात मात्र आपण एक पुस्तक हातात घेतो आणि बाकीची त्याच्यासारखी आहेत का ते बघत बसतो. म्हणून मी व्याख्या मोडून प्रत्येक नोंदीला वेगवेगळे रकाने केले: कोणी रचलं, कशाविषयी, कोणासाठी, कुठल्या माध्यमात. आता लोखंड्यांच्या 'दीनबंधु'तला मजकूरही नोंदवता येतो. त्याला 'साहित्य' म्हणायचं की नाही, हे नंतर भांडू.

खरी पंचाईत सुट्टीत गावी, गागोदे बुद्रुकला आल्यावर झाली. विनोबांचं जन्मगाव म्हणून हे गाव लोकांना माहीत असतं. माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते, आजी इथे शेती आणि पोरं सांभाळत होती. तिच्या जात्यावरच्या ओव्यांत भोंगा येतो, मनिऑर्डर येते, न आलेली मनिऑर्डरही येते. मी तिला म्हटलं, "आजी, हे कामगार साहित्य गं." ती म्हणाली, "मी कुठं कामाला होते?"

माझ्या पहिल्या व्याख्येतल्या 'लिहिलेलं' या एका शब्दानं आजी कधीच बाहेर गेली होती. आणि ती एकटी नाही. गी प्वातव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात जमलेल्या ओव्या लाखावर आहेत. संपाच्या सभेला न गेलेल्या बायकांनी गिरणीबद्दल काय म्हटलं, हे शोधायचं तर तिथेही जायला हवं.

प्रश्न उरतो 'सुरुवातीचं' या शब्दाचा. वरची सीमा मी १९६२, म्हणजे नारायण सुर्व्यांचा 'ऐसा गा मी ब्रह्म', अशी धरली आहे. ती सोयीची सीमा आहे आणि प्रबंधात मी तसं कबूल केलंय. ओवीला मात्र साल नसतं. गिरणीचा भोंगा आला तर ती गिरणीच्या आधीची नाही, एवढंच छातीठोक सांगता येतं. आजीच्या अकरा ओव्या फोनवर रेकॉर्ड केल्या आहेत. ज्यांत भोंगा आहे त्यांच्यापुढे सालाच्या रकान्यात सध्या लिहिलंय: '१८५६ नंतर'.