खुडल्यावरही जागं राहणारं पान

चहाचं पान खुडलं तरी लगेच मरत नाही. फांदीपासून तुटलेलं ते पान पुढे कित्येक तास जिवंत असतं. तैवानच्या उंच डोंगरांतल्या ऊलाँग चहाची सगळी करामत या उरलेल्या तासांत घडते, आणि त्याचं नवल मला अजून सरलेलं नाही.

हिरव्या चहाचं पान लवकरच तापल्या कढईत किंवा वाफेवर टाकून त्यातली विकरं निकामी करतात. आपल्या रोजच्या काळ्या चहासाठी ते पार चुरडतात. ऊलाँग करणारे या दोहोंच्या मधून जातात. खुडलेली पानं थोडा वेळ उन्हात सुकवायची, मग आत आणून बांबूच्या रुंद परड्यांमध्ये पसरायची. थोड्या थोड्या वेळाने ती हाताने हलकेच वरखाली करायची आणि शेवटी बांबूच्या फिरत्या पिंपात घोळवायची. पानं एकमेकांवर घासतात, कडांच्या पेशी फुटतात, आतल्या द्रव्यांना हवा लागते. कडा तांबूस होऊ लागतात, मधला भाग मात्र हिरवाच राहतो.

आणि पान या माराला उत्तर देतं! किडीने कुरतडल्यावर जसं देतं, तसंच. स्वतःच्या बचावासाठी ते सुगंधी द्रव्यं बनवू लागतं. त्यांतलं एक इंडोल, जे जाईच्या फुलातही असतं, दुसरं नेरोलिडॉल. पेल्यातून येणारा फुलांचा दरवळ हा असा जखमेतून आलेला असतो. त्या चहात एकही फूल घातलेलं नसतं.

हे काम बहुधा रात्रभर चालतं. कधी थांबायचं, हे कारागिराचं नाक सांगतं. कच्च्या गवताचा वास जाऊन फुलांचा आला की पानं तापल्या पिंपात पडतात आणि तिथे त्यांचा जीव खऱ्या अर्थाने संपतो. मग कापडात घट्ट आवळायचं, दाबून गोल फिरवायचं, सोडायचं, पुन्हा आवळायचं. असं कितीतरी वेळा केल्यावर पानांच्या टणक गोळ्या होतात.

पण यासाठी डोंगरच का? तैवानमधून कर्कवृत्त जातं. आलीशानचे मळे ज्या चियाई जिल्ह्यात आहेत, तिथूनच. सपाटीवर उष्ण, दमट हवा. आणि त्याच लहानशा बेटावर ३,९५२ मीटर उंचीचा युशान उभा. समुद्रावरून आलेली दमट हवा डोंगर चढते, थंड होते आणि मळे धुक्यात बुडतात. चहाच्या मुळांत थिअनिन नावाचं द्रव्य तयार होऊन पानात येतं. कडक उन्हात त्याचं विघटन होऊन तुरट कॅटेचिनं वाढतात. धुक्यात हा बदल मंदावतो, म्हणून तुरटपणा कमी आणि गोडवा जास्त. शिवाय थंडीने वाढ सावकाश होते, पान जाडसर भरतं. एक हजार मीटरच्या वरच्या चहालाच तिथे उंच डोंगराचा चहा म्हणतात. आलीशान, शानलिनशी, लीशान ही त्यातली मानाची नावं.

लीशानला चहा पोहोचला तो रस्त्यामुळे. १९५६ ते १९६० या काळात बेटाच्या आरपार डोंगर फोडून महामार्ग काढला गेला. हे काम मुख्यतः माजी सैनिकांनी केलं आणि त्यात दोनशेहून अधिक माणसं दगावली. वाचलेल्यांपैकी काही तिथेच वसले. आधी त्यांनी सफरचंदं आणि नासपाती लावली. चहा मागाहून आला.

याच रस्त्यावरचं दायुलिंग सुमारे २,५०० मीटरवर आहे. तिथल्या चहाची कीर्ती सर्वांत मोठी, पण अनेक मळे सरकारी वनजमिनीवर होते. गेल्या दशकात सरकारने ते उखडून जागा जंगलाला परत दिली. चहाप्रेमी हळहळले. मला तो निर्णय योग्य वाटतो: अशा खड्या उतारावर, भूकंप आणि वादळांच्या बेटावर, माती धरून ठेवायला जंगलच हवं.

हा चहा हाती आला तर दूध-साखर बाजूला ठेवा. लहान किटलीत चमचा-दीड चमचा गोळ्या, उकळीला आलेलं पाणी, जेमतेम मिनिटभर वेळ. त्याच पानांवर पाच-सहा वेळा पाणी घाला. दर पेला वेगळा लागेल. विकत घेताना मात्र सावध राहा. दायुलिंगचं नाव लावून कोणी स्वस्तात चहा देत असेल, तर तो घेऊ नका.