एका मिलिमीटरच्या २८० गाड्या

पावसाळ्यात सकाळचं वर्तमानपत्र हातात आलं की मी आधी आतल्या पानावरचा सांगली जिल्ह्याचा तालुकावार पावसाचा तक्ता बघतो. शिराळ्यापुढं भलामोठा आकडा असतो, वाळव्यापुढं बरा असतो. आमच्या कवठे महांकाळपुढं बहुतेक दिवस शून्य, आणि कधीतरी एक. एक मिलिमीटर. चहाच्या टपरीवर त्या एकाची कुणी दखलही घेत नाही. 'आभाळ नुसतंच शिंतडून गेलं' म्हणतात आणि विषय बदलतात.

एके दिवशी मी त्या एकाचा हिशेब करून पाहिला. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद फरशीवर एक मिलिमीटर पाणी साचलं, तर ते बरोबर एक लिटर भरतं. आता फरशीच्या जागी तालुका घ्यायचा. हिशेब सोपा जावा म्हणून तो सातशे चौरस किलोमीटरचा धरला. आकडा आला ७० कोटी लिटर. जे पाणी आम्ही 'शिंतडून गेलं' म्हणून सोडून दिलं होतं, ते ७० कोटी लिटर होतं.

एवढं पाणी डोळ्यांसमोर आणायला मला आमच्याच रुळांवरून गेलेली एक गाडी आठवते. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे निघाली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढं ती पन्नास वाघिणींची झाली आणि एका खेपेला २५ लाख लिटर नेऊ लागली. मिरज, कवठे महांकाळ, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा तिचा रस्ता. त्या उन्हाळ्यात आमच्या विहिरींनीही तळ गाठला होता, आणि कृष्णेच्या पाण्याच्या त्या लांबलचक गाडीला आमच्या माणसांनी वाट करून दिली, याचा मला आजही अभिमान वाटतो. अशा पन्नास वाघिणींच्या २८० गाड्या उभ्या केल्या की तालुक्यावर पडलेला एक मिलिमीटर पाऊस होतो. लातूरला त्या उन्हाळ्यात एकूण १११ खेपांत सुमारे २६ कोटी लिटर पाणी गेलं. त्याच्या अडीचपटीहून जास्त पाणी टपरीवरच्या त्या दुर्लक्षित 'एका'त होतं.

आता वर्षाचा हिशेब घेऊ. आमच्याकडं सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. कृष्णा जिथं उगवते त्या महाबळेश्वराला याच्या दहापट पडतो, आणि त्याच तुलनेत आम्ही जन्मभर स्वतःला मोजत आलो. पण पाचशे मिलिमीटर म्हणजे ३५ हजार कोटी लिटर. धरणाच्या भाषेत बोलायचं तर बारा टीएमसीच्या वर. कोयनेचं अख्खं धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे दुष्काळी म्हणून शिक्का बसलेल्या तालुक्यावर आभाळ दरवर्षी कोयनेचा आठवा हिस्सा ओतून जातं. २०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या १,५२,३२७ होती. वाटणी केली तर माणशी २३ लाख लिटर येतात. खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी हा सरकारी मापदंड धरला, तर एका वर्षाच्या पावसात एका माणसाचं ११४ वर्षांचं पाणी पडतं. मी हा गुणाकार तीनदा करून पाहिला, कारण मलाच तो खरा वाटेना.

आमचा खरा पाऊस मृगाचा नाही. मृग हूल देतो, आर्द्रा रुसते, श्रावणात वाराच जास्त असतो. आमचा भरवसा उत्तरा आणि हस्तावर, म्हणजे परतीच्या पावसावर. दुपारपर्यंत अंग भाजणारं ऊन, चारच्या सुमारास पूर्वेला काळं भिंताड, आणि मग तासाभरात सगळा खेळ. असा एक तास धरा, ज्यात पन्नास मिलिमीटर पडतो. एका एकरावर त्या तासात दोन लाख लिटर पाणी येतं, दहा हजार लिटरचे वीस टँकर. थेंबच मोजायचे असतील तर घरापुढचं दहा मीटर बाय दहा मीटरचं अंगण घ्या. दोन मिलिमीटर जाडीचा थेंब धरला, तर त्या एका तासात अंगणात ११९ कोटी थेंब पडतात. २०११ मध्ये भारताची लोकसंख्या १२१ कोटी होती. पत्र्यावर जो आवाज होतो तो जवळजवळ देशातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं एकेक टिचकी मारल्याचा आवाज असतो. लहानपणी ओट्यावर बसून तो ऐकताना मला एवढंच कळायचं, की आता आजीला हाक मारली तरी ऐकू जाणार नाही.

मग हे पाणी जातं कुठं? काही ओढ्यांनी अग्रणीला मिळतं आणि अग्रणी ते कर्नाटकात कृष्णेला नेऊन देते. काही काळ्या रानात मुरतं. आणि बरंच वारा पिऊन टाकतो. आमच्या कोरड्या हवेची तहान पावसाच्या तिपटीहून मोठी आहे. उघड्यावर भरून ठेवलेलं पाणी वर्षभरात दीड मीटरहून जास्त खाली जाईल, आणि वरून येणार जेमतेम अर्धा मीटर. दुष्काळ म्हणतात तो या वजाबाकीला. २०१९ साली ही वजाबाकी सगळ्या जिल्ह्यानं एकाच वर्षात पाहिली. उन्हाळ्यात पूर्वेकडच्या तालुक्यांत जनावरांच्या छावण्या होत्या, आणि ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. दोन्हींत अंतर एसटीनं तासा-दीड तासाचं.

कृष्णेचं पाणी इकडं आणायचं म्हणूनच म्हैसाळची उपसा योजना झाली होती. कृष्णेवरच्या बंधाऱ्यापासून टप्प्याटप्प्यानं पंप लावून पाणी मिरज, कवठे महांकाळ, तासगाव, जत आणि पुढं सांगोला-मंगळवेढ्याकडं चढवायचं. आराखडा वर्षाला १७.४४ टीएमसीचा. यातला एक टीएमसी म्हणजे पाण्याच्या त्या पन्नास वाघिणींच्या ११ हजारांवर गाड्या. एवढं पाणी नुसतं शंभर मीटर उचलायचं तर, पंपाचा तोटा न धरताही, ७७ लाख युनिट वीज लागते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या सहा हजारांहून अधिक घरांची ती वर्षाची वीज आहे. वीजबिलातले ८१ टक्के सरकारनं आणि १९ टक्के शेतकऱ्यानं भरायचे, असं सूत्र त्यातूनच निघालं. आता हेच गणित आभाळाला लावा. ढग जमिनीपासून किलोमीटरभर वर धरला, तर आमच्या तालुक्यावर पडणारं पाणी तिथवर चढवायला दरवर्षी ९५ कोटी युनिट लागतील. सूर्य हे काम करतो आणि बिल पाठवत नाही. कालव्याला पाणी आलं की माणसं नारळ घेऊन पूजेला जातात. मला वाटतं, हस्ताच्या पावसालाही एक नारळ फोडायला हवा.

पण त्या तहानलेल्या वाऱ्याला मी शत्रू मानत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल या महिन्यांत मिरज-पंढरपूर रस्त्यानं कुची, नागजच्या बाजूला या, म्हणजे त्याचं दुसरं रूप दिसेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लांबच लांब शेड, वर पत्रा, बाजू उघड्या, आत जाळ्यांचे एकावर एक दहा-अकरा थर. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढतात, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी बाहेर पडायला वाट मिळते. मग ती या जाळ्यांवर सावलीत पसरतात. बाकी सगळं वारा करतो. बारा-पंधरा दिवसांत मण्याचा बेदाणा होतो.

चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, म्हणजे प्रत्येक किलोमागं तीन लिटर पाणी हवेत जातं. महाराष्ट्राचा वर्षाचा बेदाणा लाख टनांच्या पुढं आहे आणि त्यातला मोठा वाटा आमच्या सांगली-सोलापूरच्या या पट्ट्याचा. लाख टनच धरू. वाऱ्यानं द्राक्षांतून ओढून नेलेलं पाणी होतं ३० कोटी लिटर. लातूरला १११ खेपांत गेलं त्याहून जास्त, आणि रूळ, इंजिन, वाघिणी यांतलं काही नसताना. जी हवा आमची तळी आटवते, तीच आमचा बेदाणा सोन्याच्या रंगाचा करते. दमट कोकणात ही शेड उभी केली, तर जाळीवर बुरशी येईल.

गेल्या मार्चमध्ये अशाच एका शेडमध्ये मी उभा होतो. दुपारचे तीन वाजलेले, हवेत गंधकाचा किंचित वास. बायका जाळ्या झाडत होत्या. देठासकट बेदाणे खाली ताडपत्रीवर पडताना रेती ओतल्यासारखा आवाज यायचा. मी एका बाईंना विचारलं, "ताई, एक खाऊन बघू का?" त्या म्हणाल्या, "एक काय खाताय, मूठभर घ्या की." मी मूठ उघडून मोजायला लागलो, तेव्हा त्या हसल्या. एक बेदाणा अर्ध्या ग्रॅमचा धरला, तर पंधरा किलोच्या पेटीत तीस हजार होतात, आणि लाख टनांत वीस हजार कोटी. जगाची लोकसंख्या आठशे कोटींच्या आसपास आहे. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाच्या तळहातावर पंचवीस बेदाणे ठेवता येतील. त्या ताई जेवढे सहज देत होत्या, साधारण तेवढेच.

थंडीचा ऋतू मात्र शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा. मार्गशीर्ष-पौषात कणसं दुधाळ असतात तेव्हा हुरडा, आगटीत भाजलेला, तळहातावर चोळून फुंकर मारलेला, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. शाळूच्या हजार दाण्यांचं वजन साधारण ३५ ग्रॅम भरतं. भरल्या कणसात दीड-दोन हजार दाणे असतात, आणि ते सगळे एका दाण्यातून आलेले. शंभर ग्रॅम पिठाच्या भाकरीत जवळपास २,८५० दाणे जातात. तालुक्यातल्या प्रत्येकानं दिवसाला दोन भाकरी खाल्ल्या, तर एका दिवसात ८७ कोटी दाणे जात्यातून नाहीतर गिरणीतून जायला हवेत.

याच दाण्यानं मी आमच्या मातीचं वय मोजतो. एक दाणा म्हणजे एक वर्ष. आमच्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा होऊन पसरला. तेवढे दाणे म्हणजे तेवीस क्विंटल शाळू, शंभर किलोची तेवीस पोती, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचून बांधलेली. दंडोबाच्या डोंगरात शिरून महादेवाच्या गाभाऱ्यापर्यंत जाताना, किंवा कुकटोळीच्या गिरलिंगावर उन्हात बसलेलं असताना, आपण या तेवीस पोत्यांवर बसलेलो असतो. त्या ट्रॉलीतून एक चिमूटभर, जेमतेम बारा ग्रॅम, दाणे उचलले की आपण शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला, १६७४ ला, पोचतो. २८ ग्रॅम उचलले की देवगिरीच्या यादवांचा काळ येतो. इतिहास म्हणून आम्ही जे काही सांगतो, त्यातलं बहुतेक सगळं एका मुठीत मावतं. आणि १९२७ साली मिरजेपर्यंत आलेली बार्शी लाइट, अडीच फुटी रुळांवरून धूर सोडत जाणारी आमच्या आजोबांची गाडी? शंभराला एक-दोन कमी इतके दाणे. तिच्याच वाटेवर पुढं रुंद रूळ पडले आणि त्यांवरून लातूरचं पाणी गेलं.

मुठीतला इतिहास लहान आहे म्हणून हलका नाही. चैत्रात आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात भंडारा उधळला जातो, ढोल वाजतात, गजी नाचतात, तेव्हा लांबलांबून आलेला धनगर समाज तिथं भेटतो. यातल्या कित्येकांचं वर्ष चालण्यातच जातं. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघालेला माणूस दिवसाला आठ किलोमीटर चालला आणि मृगाच्या तोंडावर परतला, तर सात महिन्यांत सोळाशे किलोमीटरच्या वर चालतो. दोनशे मेंढरांचा कळप असेल तर त्याच्यामागून आठशे खूर तेवढंच अंतर चालतात. हा माणूस बिरोबापुढं ओवी म्हणतो तेव्हा मला ती त्या चालीच्या ठेक्यातच ऐकू येते.

आजीकडं या आकड्यांसाठी वेगळी मापं होती. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. म्हणजे पायलीत ६४ निळवी होतात, आणि सोळा पायल्यांचा मण धरला की मणात १,०२४. संगणकवाले ज्या १,०२४ वर किलोबाइट मोजत आले, तो आकडा आमच्या कणगीपाशी न शिकलेल्या बाईच्या हातात होता. खळ्यावरून शाळू घरी आला की ती पाय पसरून बसायची, पायली राशीत खुपसायची, वरचा ढीग तळहातानं पुसून सपाट करायची आणि पोत्यात रिकामी करायची. मी शेजारी बसून मोजायचो. पहिल्या पायलीला मी "एक" म्हटलं की ती हात थांबवायची. पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं. मग ती स्वतःच म्हणायची, "लाभ." पायली पुन्हा राशीत जायची. "दोन. तीन."