गांधीप्रणीत संविधानाचा आराखडा

परकीय सत्तेकडून स्वराज्याकडे होणाऱ्या संक्रमणाच्या काळात वर्धा येथे तयार झालेला व ग्रामपंचायत हा राज्यसंस्थेचा पाया मानणारा आराखडा. वर्ध्याच्या सेकसरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण अगरवाल (१९१२–७८) यांनी तो गांधीजींच्या विचारांच्या आधारे इंग्रजीत लिहिला. १९४६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला संविधान सभेचे कामकाज सुरू झाले. ही मांडणी आपली नसून लेखकाची आहे, तथापि तीत आपल्या विचारांशी विसंगत काही आढळले नाही, असे गांधीजींनी प्रास्ताविकात स्पष्ट केले. १९३९ मध्ये औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने ग्रामपंचायतींवर आधारित संविधान लागू केले होते.

आराखड्यानुसार गावातील प्रौढ स्त्रीपुरुषांनी पंचायत निवडावयाची होती. चौकीदार, तलाठी, पोलीस व शाळा यांवरील नियंत्रण, शेतसाऱ्याची आकारणी व वसुली, सिंचन, सहकारी शेती आणि खादी व ग्रामोद्योग ही तिची कामे होत. तालुका व जिल्हा पंचायती खालच्या पंचायतींच्या सरपंचांच्या बनत. ग्रामपंचायतींबाबत त्यांना केवळ सल्ल्याचा अधिकार होता. त्यांच्यावर प्रांतिक पंचायत आणि प्रांतिक अध्यक्षांची अखिल भारतीय पंचायत अशी रचना होती. संरक्षण, चलन, जकात व राष्ट्रीय महत्त्वाचे उद्योग एवढेच प्रमुख विषय केंद्राकडे राहत. सत्ता खालून वर जावी, हे यामागील सूत्र होते.

संविधान सभेने ही रचना स्वीकारली नाही. खेडे हे संकुचितपणाचे व अज्ञानाचे आगर असल्याने मसुद्याने व्यक्ती हेच एकक मानले, असे समर्थन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी केले. गावाच्या हाती सत्ता गेल्यास दुर्बलांचे संरक्षण कोण करणार, हा प्रश्न त्यातून पुढे आला. अनेक सदस्यांनी मसुद्यात पंचायतींचा उल्लेखही नसल्याबद्दल नापसंती दर्शविली. २२ नोव्हेंबरला के. संथानम यांची दुरुस्ती संमत होऊन पंचायतींची तरतूद मार्गदर्शक तत्त्वांत आली (अनुच्छेद ४०). मात्र ती न्यायालयामार्फत अंमलात आणता येत नव्हती.

२४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना संविधानात स्वतंत्र स्थान दिले. तथापि तिन्ही स्तरांवरील सदस्यांची निवड प्रत्यक्ष मतदानाने ठरविण्यात आली. अनुसूचित जाती व जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखून ठेवण्यात आल्या. अशा प्रकारे वर्ध्याच्या आराखड्यातील ग्रामपंचायतीचे महत्त्व मान्य झाले. परंतु नागरिकाच्या हक्कांची हमी गावाकडे न सोपविता संविधानाकडेच राहिली.