दगडातल्या पिसाचा रंग कसा ओळखतात?

मागच्या बैठकीत एका ताईने मुलाचं पुस्तक आणलं होतं. त्यात पिसं असलेल्या एका छोट्या डायनासोरचं चित्र होतं: काळं अंग, पांढरे पट्टे, डोक्यावर तांबडा तुरा. दुसरी ताई लगेच म्हणाली, "हा बघायला कोण गेलं होतं?" प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून उत्तर शोधलं.

आपले केस काळे दिसतात ते मेलॅनिन नावाच्या रंगद्रव्यामुळे. कोंबडीच्या काळ्या-तांबूस पिसांतही तेच असतं. ते अगदी बारीक कणांत साठवलेलं असतं. काळ्या रंगाचे कण तांदळाच्या दाण्यासारखे लांबट, तर तांबूस रंगाचे ज्वारीच्या दाण्यासारखे गोलसर. आकार मात्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा!

दगडात जपल्या गेलेल्या पिसांत असे कण पूर्वीही दिसले होते. पण ते पीस कुजवणारे जिवाणू असावेत, असं शास्त्रज्ञ मानत. २००८ मध्ये याकोब विंथर आणि सहकाऱ्यांनी ब्राझीलमधलं एक पट्ट्यापट्ट्यांचं पीस तपासलं. ते दहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचं आहे. गडद पट्ट्यांत कण दाटीने होते, फिकट पट्ट्यांत नव्हतेच. आता सांगा, जिवाणू काय पट्टे बघून बसतात? म्हणजे हे कण रंगाचेच.

मग २०१० मध्ये चीनमधल्या अँकिऑर्निस या पिसांच्या डायनासोरचे कण आजच्या पक्ष्यांच्या कणांशी ताडून पाहिले. पुस्तकातलं चित्र याचंच. तो सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वीचा.

तरी सगळंच पक्कं नाही. जमिनीखालच्या उष्णतेने आणि दाबाने कण आक्रसतात, आकार फसवू शकतो. खाण्यातून येणारे पिवळे-लाल रंग असे कण मागे ठेवत नाहीत. आणि अँकिऑर्निसच्याच दुसऱ्या एका नमुन्यात तांबड्या तुऱ्याचा पुरावा मिळाला नाही. म्हणजे काळ्या रंगाला भक्कम आधार आहे, तुरा अजून वादात आहे.

आपल्या गटाच्या वहीत जमा झालेले पैसे आणि येणं असलेले पैसे आपण एका रकान्यात लिहितो का? नाही ना! पुराव्याचंही तसंच. एखाद्या बाईबद्दल गावात काही कानावर आलं, तरी आधी विचारूया: यातलं जमा किती, आणि येणं किती?